चार फुटांच्या खाली नाही

किमतीवर मी जन्मभर घासाघीस केली. काचेवर केली, लोखंडावर केली, हमालीवर केली. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या बाहेर माझं काचेचं दुकान होतं, आणि याचा पहिला आकडा कधी मान्य करू नका, असं लोक एकमेकांना सांगून पाठवत. त्यात खोटं काही नव्हतं. पण माशांच्या टाकीचं माप मी एकदा सांगितलं की ते मागेपुढे होत नसे. हे दुसरं वाक्य गडचिरोलीतल्या काही लोकांना अजून पटत नाही. तिथे दोन समुद्री माशांचं मरण माझ्या नावावर मांडलेलं आहे. आता दुकान बंद केलं, गिऱ्हाईक तुटायची भीती राहिली नाही, म्हणून खरं काय ते लिहितो.

मी ढिवराचा पोरगा. आरमोरीकडच्या आमच्या गावात बाप मामा तलावात जाळं टाकायचा. मामा तलाव म्हणजे जुन्या मालगुजारांनी पाळ घालून बांधलेला मोठा तलाव. शिवाय शेतकऱ्यांच्या धानाच्या बांधीजवळ लहान लहान बोड्या, म्हणजे तळी, असत. उन्हाळ्यात सूर्य दोन्हीवर सारखाच तापायचा, पण बोडीतले मासे आधी उलटे व्हायचे. तलावातले जगायचे. बाप म्हणायचा, थोडं पाणी लवकर घाबरते. माशांबद्दल मला पुढे जे काही कळलं त्यातलं निम्मं एवढ्या वाक्यात होतं. बाकीचं निम्मं मी लोकांचे पैसे घेऊन आणि शिव्या खाऊन शिकलो.

चंद्रपुरात आलो तेव्हा एका फोटो फ्रेमच्या दुकानात झाडलोट करत होतो. तिथेच काच कापायला शिकलो. मालकाशी भांडलो, बाहेर पडलो, स्वतःचं टपरीएवढं दुकान टाकलं. मग ऐंशीच्या पुढच्या वर्षांत खाणींच्या आणि वीज केंद्राच्या वसाहती वाढल्या. क्वार्टरात बैठकीची खोली आली, आणि बैठकीत माशांची टाकी असली पाहिजे असं साहेब लोकांना वाटू लागलं. पहिल्या टाक्या आम्ही लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टी भरून करायचो. पुट्टी दोन वर्षांत तडकायची आणि साहेबांच्या गालिच्यावर पाणी यायचं. पुढे मुंबईहून सिलिकॉन यायला लागलं. काचेला काच चिकटवायची, चौकट नको. चंद्रपुरात ते काम आधी मी केलं. दुसरं कोणी सांगत असेल तर त्यानं समोर यावं.

गिऱ्हाइकांचा एक समज सगळ्यांत पक्का: टाकी लहान तर काम कमी. बल्लारशाचा एक लाकूड व्यापारी टीव्हीच्या कपाटाचं माप घेऊन आला. त्या कपाटात मावेल अशी टाकी करा म्हणाला, वर झाकण, पुढे दार.

मी विचारलं, "आत काय ठेवता?"

"मासोया. अजून काय वाघ ठेवू?"

"वाघच ठेवा. तो निदान ओरडून सांगन का दम कोंडून राह्यला म्हणून."

तो गेला तो परत आला नाही. माझं असं बरंच गिऱ्हाईक गेलं. पण लहान टाकीत काम कमी नसतं, जास्त असतं. बादलीभर पाण्यात एक दिवस खाणं जास्त पडलं की पाणी सडतं. मोठ्या पाण्यात तीच चूक पचून जाते. गोड्या पाण्याचं हे असं. खाऱ्या पाण्याचं तर याहून नाजूक. समुद्राचे मासे समुद्राला सरावलेले असतात, आणि समुद्र कधी एका दुपारीत तापत नाही. शिवाय टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात चार बोटं पाणी उडालं की राहिलेलं पाणी अधिक खारट होतं. लोक भर घालताना पुन्हा मिठाचं पाणी घालतात, तिथेच मासे मरतात. भर गोड्या पाण्याचीच घालायची. आणि मुळात इतकं पाणी ठेवायचं की चार बोटांनी त्याचं काही बिघडू नये.

आता सुलभाबाईंची गोष्ट. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या. थंडी सरता सरता एका दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, समुद्रातल्या माशांची टाकी बनवता काय?"

मी हसलो. "बाई, इथी समुद्र कुठी आहे?"

"माह्या घरी आहे. दोन फुटाचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान अशोक मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होते. सुटीवर येताना त्यांनी मुंबईहून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी, दोन फुटांची टाकी आणि डबे भरून समुद्राचं पाणी रेल्वेनं आणि मग एस.टी.च्या टपावरून आणलं होतं. अशोकना मुंबईत बिऱ्हाड करायचं होतं. सुलभाबाईंना गडचिरोली सोडायची नव्हती. त्यांची नोकरी इथे होती, आणि सासरे एकटे होते. यावर घरात बरंच बोलणं झालं. शेवटी बोटीवर परत जाताना अशोक म्हणाले, हे मासे इथला एक उन्हाळा काढतील तर मीही काढीन, जहाज सोडून इथेच वर्कशॉप टाकीन.

"ते गमतीनं बोलले," सुलभाबाई म्हणाल्या. "मी गमतीनं घेतलं नाही."

दोन फुटांच्या टाकीतली ती जोडी थंडीत बरी होती. पण चैत्राच्या आधी मोठी टाकी पाहिजे हे बाईंना स्वतःलाच कळलं होतं. किती मोठी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, जागा पाहिल्याशिवाय मी माप सांगत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी येतो.

गेलो तेव्हा बाई ड्युटीवर होत्या. घरात त्यांचे सासरे, तुळशीरामभाऊ. उंच, हाडकुळे, खांद्यावर दुपट्टा. आयुष्यभर बैलबाजारात दलाली केलेला माणूस. मला पाहिल्या पाहिल्या त्यांनी माझ्या चपलेपासून पिशवीपर्यंत सगळ्याची किंमत केली असणार. मी पण त्यांची केली.

"तूच का गा तो काचवाला? मोठा भाव करते म्हणते तू."

"तुमच्यापरीस कमीच करत असन, भाऊ."

ते खूश झाले. चहा झाला. घर पाहिलं. पुढे टिनाच्या छपराची पडवी होती. तिथल्या भिंतीला एक खोबण होती, त्यात दोन फुटांची टाकी ठेवलेली. मागे जाड मातीच्या भिंतींची एक खोली होती, आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागायचा. तिथे धानाच्या बियाण्याची पोती होती.

मी म्हटलं, "टाकी या खोलीत. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच."

"अन् बियाणं कुठी ठेवू? डोक्यावर? पडवीतल्या त्या खोबणीत तीन फूट मावते. तीन कर."

"जागेच्या मापानं टाकी नाई करत भाऊ. पाण्याच्या मापानं करते."

"दोन मासोया आहेत बोटाएवढ्या. त्याहीले चार फूट कायले? त्या का धावाच्या शर्यती लावतीन?"

मी त्यांना समजावलं. तीन आणि चार यांत फरक एका फुटाचा दिसतो, पण लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही वाढते. तीन फुटी टाकीत चार फुटीच्या निम्मंच पाणी मावतं. निम्मं पाणी म्हणजे दुपारी दुप्पट झपाट्यानं तापणार. ते ऐकत होते, पण माझ्या तोंडाकडे पाहत होते, बोलण्याकडे नाही. बैल विकणारा दात दाखवत असताना घेणारा जसा त्याच्या डोळ्यांकडे पाहतो, तसं.

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. ज्यांनी आमच्याकडचा बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. जेवढी बोटं, तेवढा आकडा. आजूबाजूच्यांना काही कळत नाही, आणि दुपट्ट्याखालचं बाहेर सांगायचं नाही, हा बाजाराचा धर्म. त्यांनी माझी तीन बोटं दाबली. मी त्यांची चार दाबली. त्यांनी तीन दाबून वर नख टेकवलं, म्हणजे साडेतीन. मी पुन्हा चार. त्यांनी पुन्हा साडेतीन. माझं डोकं सरकलं.

"भाऊ, हा बैल नाई," मी हात ओढून घेतला. "पैशात काय तोडाचं ते तोडा. फुटात तोडू नोका."

दुपट्ट्याखालून हात ओढणं म्हणजे सौदा मोडणं. ते उठले आणि म्हणाले, "बरं, पाहू." त्यांच्या दृष्टीनं त्यात चूक काही नव्हती. ज्या बाजारात त्यांचा जन्म गेला तिथे पहिला आकडा खरा नसतोच. मी चार म्हणतो म्हणजे माझ्या मनात तीन आहे, हे त्यांनी पक्कं धरलं. आणि माझी ख्यातीही तशीच होती.

वाट पाहिली, निरोप आला नाही. गिऱ्हाईक गेलं असं समजून मी गप्प बसलो. वैशाखात एका सकाळी गडचिरोलीच्या गाडीचा कंडक्टर दुकानासमोर उतरला. त्या काळी निरोप असेच यायचे. "सिस्टरबाईनं लवकर बोलावलं. मासोया वर तोंड करून राह्यल्या म्हणे."

मिळाली ती गाडी धरली. मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल. खिडकीतून येणारा वारा चुलीतून यावा तसा होता. घरी पोचलो तर पडवीतल्या खोबणीत तीन फुटी टाकी. माझ्या हातची नव्हती. कडेचं सिलिकॉन जाड आणि वेडंवाकडं, असलं काम मी उधारीवरही केलं नसतं. वर टिन तापलेलं. पाण्यात हात घातला, ते कोमट होतं. जोडी पाण्याच्या पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलताहेत.

सुलभाबाईंच्या अंगावर ड्युटीचीच साडी होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच तर तीन पुरते म्हणून सांगतलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाटेवर बसलेल्या तुळशीरामभाऊंकडे. ते पडवीबाहेर रस्त्याकडे पाहत होते.

"मी चार सांगतले होते, बाई. मागची खोली सांगतली होती."

"मामाजी?" बाई वळल्या.

"दुपट्ट्याखालचं चारचौघात काढू नोको गा काचवाल्या," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही. "सौदा तीनचाच झाला होता."

"तीनचा? आणि ही टाकी माही आहे काय? कोणाकडून आणली?"

"तुह्याकडं वेळ नव्हता म्हनून दुसऱ्यानं केली. माप तुहंच."

मी पुढे काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुलभाबाई मधे आल्या. "भाऊ, हात जोडते. ते मागून. पहिले मासे पाहा."

पाहण्यासारखं फार उरलं नव्हतं. आइसकांडीच्या कारखान्यातून बर्फ आणला, प्लॅस्टिकच्या थैल्यांत बांधून हळूहळू पाण्यात सोडला. एकदम गार केलं तरी मासा मरतो. टाकीभोवती ओली पोती लावली. बाई पंखा धरून उभ्या होत्या, वीज येत-जात होती. आतल्या खोलीत न्यावं म्हटलं तर भरलेली टाकी हलत नाही, आणि जोडीला ठेवायला दुसरं खारं पाणी कुठे होतं? संध्याकाळपर्यंत पाण्याची ऊब थोडी उतरली. तेवढ्यात जोडीतला लहान मासा तळाशी गेला आणि आडवा झाला. बाईंनी तो ओंजळीत घेतला. नर्स होत्या, मरण रोज पाहत होत्या. पण तो मासा त्यांनी लगेच खाली ठेवला नाही.

मी शेवटच्या गाडीनं परतलो. दुसरा मासाही गेल्याचं त्याच कंडक्टरनं सांगितलं.

पावसाळा संपल्यावर अशोक आले. मला ही हकीकत नंतर कळली. ते रागावले नाहीत. रिकामी टाकी पाहून हसले म्हणे, आणि म्हणाले, म्हटलं होतं ना. वर्ष सरायच्या आत बाईंनी नोकरीचा राजीनामा दिला आणि मुंबईला गेल्या. आणि गडचिरोलीत काय पसरलं? काचवाल्यानं माप चुकवलं आणि सिस्टरबाईचं घर तुटलं. बँकेच्या एका मॅनेजरनं माझी ऑर्डर रद्द केली. "तुमच्या टाकीत मासे मरतात म्हणे," असं तोंडावर म्हणाला. ती टाकी माझी नव्हती, माप माझं नव्हतं, आणि साक्षीदार एकच होता. तो बोलत नव्हता.

पुढच्या थंडीत तुळशीरामभाऊ दुकानात आले. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. भाऊंनी त्यांच्या देखत म्हटलं, "चार फुटाची टाकी पाह्यजे. दीड बाय दीड."

मी काच कापायचा हिरा खाली ठेवला. "कोणासाठी?"

"पोरगा येते म्हणते उन्हाळ्यात. सुनबाई पण."

"करतो. पण पहिले या दोघांच्या समोर सांगा, मागच्या टाकीचं माप कोणाचं होतं."

ते बाकावरच्या माणसांकडे पाठ करून जवळ आले आणि माझ्यापुरतं बोलले. "सांगन गा. पन हे फिरत फिरत मुंबईले जाईन. पोराले समजलं का बापानंच तीन केले, तर तो माह्या घरी पाय ठेवन काय? तुहं दुकान आहे. दोन गिऱ्हाईकं तुटली तर चार येतीन. माह्या घरी एकच पोरगा आहे."

मला काय वाटलं ते सांगतो. दया नाही वाटली. वाटलं, हा माणूस अजूनही सौदाच करतो आहे, आणि यात माझं नाव खर्ची घालतो आहे. मी चिडून किंमत सांगितली, नेहमीपेक्षा चढवून. त्यांनी उतरवून मागावी आणि मी नाही म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उघडली. जन्मात पहिल्यांदा कोणी माझा पहिला आकडा मान्य केला. मग मीच तो खाली आणला. त्यानंतर दुकानात बसलेल्यांना ते मोठ्यानं म्हणाले, "मागच्या बारी यानं चुकवलं. आता नीट देऊन राह्यला."

मी काच जाड घेतली, आठ मिलीमीटरची. एवढ्या पाण्याचं वजन धानाच्या चार पोत्यांइतकं होतं, म्हणून खाली टाकी पेलणारा सागाचा घोडा सुताराकडून करून घेतला. मुंबईहून समुद्री पाण्याचं मीठ मागवलं, तळाला शंखशिंपल्यांचा चुरा घातला. मी टाकी लावायला गेलो तेव्हा जाड भिंतींची खोली रिकामी केलेली होती. बियाण्याची पोती पडवीत, टिनाखाली. मी पाणी भरलं, मोटर लावली, बुडबुडे सुरू झाले.

"मासे कवा आणता?" मी विचारलं.

"मी नाई आनत. तो आला का तोच टाकन. पाणी तयार ठेवतो."

मी त्यांना भरीचं सांगितलं: उडालेल्याच्या जागी गोडं पाणी, मीठ नाही. त्यांनी ते मला दोनदा म्हणून दाखवलं.

अशोक त्या उन्हाळ्यात आले नाहीत. जहाज कुठल्याशा बंदरात अडकल्याचं कारण होतं. वैशाखात गडचिरोलीला एका सरकारी इमारतीच्या खिडक्यांचं काम निघालं, म्हणून मी गेलो, आणि संताप अजून पोटात असूनही पाय त्या घराकडे वळले. पडवीत उभं राहवत नव्हतं. आतली खोली अंधारी आणि गार. टाकीच्या तिन्ही बाजूंना ओली पोती. पाणी वरच्या खुणेला अचूक टेकलेलं, काचेवर शेवाळ नाही, मोटर चालू. आत काही नाही.

खिशात तापमापक होता. तो पाण्यात बुडवून बराच वेळ धरला आणि खिडकीच्या उजेडात पाहिला. पारा तिशीच्या आत होता. बाहेर उन्हानं कावळे झाडावरून पडत होते आणि या पाण्यात ती जोडी मजेत फिरली असती.

भाऊंनी तापमापक माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. आकडे त्यांना चांगले समजत.

"जगल्या असत्या," ते म्हणाले.

ते वाक्य ऐकायला तिथे तिसरं कोणी नव्हतं. ते मला गडचिरोलीच्या चौकात ऐकायचं होतं, त्या खोलीत नाही. त्यांनी तापमापक धोतराला पुसून मला परत दिला, पोत्यांवर हात फिरवून पाहिला आणि बादली घेऊन विहिरीकडे गेले. एका बाजूचं पोतं वाळायला आलं होतं.